पडदा उघडण्यापूर्वीच 'हाऊसफुल्ल'

वर्तमानपत्रात नाटकाची जाहिरात येते, तिच्यात चार परिचित चेहरे झळकतात, तिकिटांचा 'प्लॅन' उघडतो आणि शुभारंभाचा प्रयोग होण्यापूर्वीच पुढल्या कित्येक प्रयोगांची तिकिटे संपून जातात. मराठी रंगभूमीला हा प्रकार नवा नाही. पूर्वी त्यासाठी नाट्यगृहाच्या खिडकीपुढे सकाळपासून रांग लागे. आता ती रांग मोबाईलवर लागते आणि डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. त्या घटकेला नाटक कसे आहे हे कोणासच ठाऊक नसते. तालमी चालू असतात, संवादांवर अजून हात फिरत असतो, नेपथ्याचे रंग वाळावयाचे असतात. आणि तरीही 'हाऊसफुल्ल'चा फलक लागलेला असतो. त्या फलकाचा अर्थ काय लावावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आम्हां मंडळींस हा विषय काहीसा दूरचा वाटेल. मोठ्या संचाचे व्यावसायिक नाटक पाहावयाचे म्हटले की आम्हांस नगरची, नाहीतर पुण्याची वाट धरावी लागते. परंतु त्या नाटकांतील नट-नट्या मात्र दूरचित्रवाणीवरून रोज सायंकाळी आमच्या घरी येत असतात. त्यांची नावे आमच्या मुलाबाळांस पाठ असतात. दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत पुण्यामुंबईस नातलगांकडे गेलेली कुटुंबे आवर्जून एखादे नाटक पाहून येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र 'कोणते नाटक पाहिले?' असे विचारल्यावर पुष्कळदा उत्तरादाखल नटाचे नाव मिळते. नाटकाचे नाव मागाहून आठवते आणि नाटककाराचे बहुधा आठवतच नाही. विषय आमच्या उंबरठ्याच्या आतला आहे, तो असा.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या प्रयोगापूर्वी भरलेले नाट्यगृह हा नाटकाविषयीचा निर्णय नसतो. ती नटाच्या नावावर घेतलेली उधारी असते. उधारी घेणे हे पाप नाही. शेतकरी पेरणीला उधारी घेतो आणि व्यापारीही घेतो. प्रश्न असतो तो ती फिटली की नाही, कशाने फिटली आणि कोणी फेडली, हा. नामवंतांच्या नाटकांकडे याच हिशेबाने पाहिले पाहिजे.

या हिशेबासाठी मराठी रंगभूमीवरील सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभा राहिला. त्या फंडाच्या साहाय्यार्थ, मुंबईच्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. एरव्ही परस्परांच्या स्पर्धेत असलेल्या दोन नाटक कंपन्या, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, त्या रात्री एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले. दोघांचेही चाहते हजारोंनी होते आणि दोन्ही पक्षांत चुरस होती. प्रयोग जाहीर होताच तिकिटांवर उड्या पडल्या. नेहमीपेक्षा कित्येक पटींनी चढे दर असूनही नाट्यगृह भरून वाहिले. दोघे एकमेकांसमोर उभे राहून गातील तेव्हा सरस कोण ठरेल, हे पाहण्यासाठी माणसे आली होती. 'मानापमान' हे नाटक तर १९११ पासून रंगभूमीवर होते. त्याची गोष्ट नव्याने कळावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

त्या गोष्टीचे मात्र क्षणभर स्मरण करावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा धैर्यधर हा शूर पण निर्धन. भामिनी ही श्रीमंताची कन्या. गरिबाशी लग्न करणे तिला कमीपणाचे वाटते आणि ती त्याचा अपमान करते. दुसरीकडे लक्ष्मीधर हा धनाढ्य आणि भित्रा. पुढे भामिनी वनमालेचे साधे रूप घेऊन धैर्यधराजवळ जाते, त्याचे शौर्य आणि मन जवळून पाहते, आणि मान कोणाला द्यावा हे तिला उमगते. बाहेरच्या झगमगाटावरून माणसाची किंमत करू नये, असे सांगणारे हे नाटक आहे. आणि याच नाटकाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग दोन नावांच्या झगमगाटावर विकला गेला! खाडिलकरांनी भामिनीकरवी जो धडा शिकविला, तो त्या रात्री खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपल्यापुरता लागू करून पाहिला असेल?

तरीही तो प्रयोग आम्ही उधारी बुडविणारा म्हणणार नाही. त्याची फेड तीन प्रकारांनी झाली. एक तर जमलेला पैसा कोणाच्या पेटीत न जाता सार्वजनिक कार्यास गेला. दुसरे असे की, दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर येऊन एकमेकांना सांभाळून गायिले; या सौजन्याची आठवण आजही काढली जाते. तिसरे, त्या रात्रीच्या संगीताची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मात्र या हिशेबात एक बाजू कोरी राहते, ती नाटकाची. 'संयुक्त मानापमान'विषयी शंभर वर्षांत जे सांगितले गेले, त्यात गाण्यांचे वर्णन आहे, गर्दीचे आहे. धैर्यधराच्या अपमानाने कोणाचे मन हलले, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. नट मोठे झाले की नाटक त्यांच्या मागे उभे राहते, आणि मग प्रेक्षकांस ते दिसेनासे होते.

याची पुढची पायरी गंधर्व नाटक मंडळीच्या इतिहासात दिसते. बालगंधर्वांच्या नावावर कंपनीची पत होती आणि त्या पतीवर खर्चही राजेशाही होता: भारी शालू, उंची अत्तरे, मखमली पडदे, गालिचे. नाव चालले तोवर कर्ज फिटत गेले. पुढे १९३१ पासून बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला, नटाचे वय वाढले. आणि एका कंठावर उभारलेली ती कंपनी सावरू शकली नाही. नावाच्या उधारीवर संस्था चालवली की ते नाव थकल्यावर संस्थेजवळ दुसरे भांडवल उरत नाही. बालगंधर्वांच्या कलेविषयीचा आमचा आदर या विधानाने यत्किंचितही कमी होत नाही.

विकल्या गेलेल्या तिकिटाचे ओझे नटाच्याच खांद्यावर येते, हेही येथे नोंदविले पाहिजे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही हकिगत आपण नेहमी निष्ठेचा आदर्श म्हणून ऐकवितो, आणि तो आदर्श आहेही. परंतु प्रेक्षक म्हणून आपण स्वतःस कधी विचारतो का, की आपल्या हातातील तिकिटाचा त्या बापावर एवढा हक्क होता काय?

आमच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. कर्जत तालुक्यास संत गोदड महाराजांच्या यात्रेचे अगत्य आहे. गावोगावच्या यात्रांत तमाशाचा मान पूर्वापार चालत आला आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे हंगामापूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच तेथे जाऊन सुपारी देतात. ही सुपारी म्हणजे पडदा उघडण्यापूर्वीची विक्रीच होय, आणि तीही फडातील प्रमुख कलावंताच्या नावावर होते. विठाबाई नारायणगावकर हे असेच एक नाव. दिवस भरलेले असतानाही त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, नाचता नाचता कळा आल्या, आणि रंगमंचामागे त्या प्रसूत झाल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. राज्य शासन आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. आमच्याच जिल्ह्यातील संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांनाही तो लाभला होता. परंतु स्वतः विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि २००२ मध्ये त्या निवर्तल्या. ज्या नावावर हजारोंची गर्दी जमत होती, त्या नावाच्या बाईस म्हातारपणी त्या गर्दीतून फारसे कोणी विचारले नाही. उधारी नावावर घेतली गेली, आणि ती त्या बाईने देह झिजवून फेडली.

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' हे नाटक नेमके याच जागी बोट ठेवते. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने ते मुंबईत रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आणि आप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. रंगमंचावर राजे होऊन वावरलेला, टाळ्यांच्या कडकडाटात वाढलेला हा नट निवृत्तीनंतर सर्वस्व मुलांना वाटून देतो आणि म्हातारपणी छप्पर शोधीत फिरतो. ज्याची नाटके भरून वाहत होती, अशा माणसाचीच ही शोकांतिका आहे. त्यामुळे ते पाहताना प्रेक्षकास टाळी वाजविणेही अवघड जाते. टाळीचे मोल किती, हेच तर नाटक त्याला सांगत असते.

डॉ. लागूंच्या अभिनयाने ही भूमिका कीर्तीस चढली, यात वाद नाही. तथापि नाटकाची खरी परीक्षा त्यांच्यानंतर झाली. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा वेगवेगळ्या प्रकृतीच्या नटांनी आप्पा उभे केले. प्रत्येकाच्या वेळी तुलना झाली, वाद झाले, परंतु नाटक उभे राहिले. १९७४ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांना घेऊन त्याचा चित्रपटही निघाला. येथे आम्हांस एक कसोटी सापडते. मुख्य नट बदलून पाहावा. त्याच्या जागी दुसरा समर्थ नट आल्यावर जे शिल्लक उरते, ते नाटक. काहीच शिल्लक उरत नसेल, तर आपण एका माणसाचे दर्शन घेऊन आलो असे समजावे.

या कसोटीवर नामवंतांची सर्वच नाटके फोल ठरतात, असे कोणी समजू नये. निर्मात्याची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरातीचा खर्च, नेपथ्य वाहून नेणारी गाडी, कलावंतांची 'नाईट', रंगमंचामागच्या कामगारांचा मेहनताना, हे सारे प्रत्येक प्रयोगास द्यावे लागते. प्रेक्षक चाळीस आले म्हणून त्यात सूट मिळत नाही. अशा व्यवहारात ओळखीचा चेहरा हा निर्मात्याचा एकमेव विमा असतो. एका नामवंताच्या नावावर दहा-पंधरा माणसांच्या घरची चूल पेटते, याचा विसर टीकाकाराने पडू देऊ नये.

शिवाय नामवंत हाही एकाच जातीचा नसतो. काहींना रंगभूमीनेच नामवंत केलेले असते. देवेंद्र पेम यांचे 'ऑल द बेस्ट' १९९३ मध्ये आले, तेव्हा भरत जाधव, अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर ही नावे कोणाच्या ओठी नव्हती. एक आंधळा, एक बहिरा आणि एक मुका अशा तीन मित्रांच्या त्या धमाल नाटकाने गर्दी खेचली, आणि त्या गर्दीनेच हे तरुण नट घडविले. प्रशांत दामले यांचेही तसेच. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांचा रंगभूमीवरील १२,५०० वा प्रयोग झाला. हा आकडा नुसता उच्चारावयासही दम लागतो. त्यामागे किती रात्रींचे जागरण, किती गावांचा प्रवास आणि किती शिस्त असेल! अशा नटाच्या नावावर तिकीट आधीच विकले जाते, तेव्हा ती उधारी पूर्वीच्या हजारो फेडींवर मिळालेली असते. तरीही एक गोष्ट लक्षात येतेच. त्या सायंकाळी सादर झालेले नाटक होते 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. गौरविला गेलेला आकडा मात्र नटाचा होता.

उलट, दूरचित्रवाणीवरील मालिकेने रातोरात ओळख दिलेला चेहरा घेऊन त्याच्याभोवती घाईने नाटक बांधले जाते, तेव्हा काय होते? त्या चेहऱ्याने प्रवेश केला की टाळ्या पडतात आणि प्रसंग तेथेच थांबतो. मालिकेतील लकब त्याने पुन्हा केली की हशा पिकतो. नाटककारास मग त्या लकबीसाठी जागा ठेवावी लागते. शेवटास प्रेक्षक समाधानाने घरी जातो, कारण जे पाहावयास तो आला होता, ते त्याला घरी रोज दिसते तसेच दिसले. नवे काही भेटले नाही, याची त्याला खंतही वाटत नाही.

नामवंतांचा सदुपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण मुद्दाम देतो. मुद्दाम अशासाठी, की त्या नाटकाचे विचार आमचे नाहीत. प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' हे नाटक चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९१ मध्ये प्रथम रंगभूमीवर आणले, आणि २०२२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने ते रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे यांना घेऊन पुन्हा उभे केले. विवाहित पुरुषाबरोबर आयुष्य काढून तीन मुली वाढविणारी आई आणि त्या मुलींचे लग्नाविषयीचे निरनिराळे प्रश्न, असा त्याचा विषय. विवाहसंस्काराकडे आम्ही ज्या श्रद्धेने पाहतो, तिच्याशी त्यातील पुष्कळसे जुळत नाही. परंतु मोठी मुलगी विद्या दूरध्वनीवरून नवऱ्याशी बोलते, आणि रंगमंचावर ती एकटी असताना तिच्या एकेका वाक्यातून पलीकडचा माणूस आपल्याला दिसू लागतो, त्या प्रवेशात मुक्ता बर्वे हे नाव मागे पडते आणि फसविली गेलेली एक पत्नी पुढे येते. प्रेक्षक नाव पाहून आत आला आणि प्रश्न घेऊन बाहेर पडला. आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर वेगळे देऊ. पण प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचला तो त्या नावांमुळे, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. नामवंताने दार उघडावे आणि बाजूस व्हावे, असे जे आम्ही म्हणतो त्याचा अर्थ हा.

आणि नामवंतांवाचूनही दार उघडते. प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिका होते. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सने ते व्यावसायिक रंगभूमीवर आणले. तुकोबांची आवली आणि पंढरीची रखुमाई, अशी दोनच पात्रे. त्या भूमिका करणाऱ्या शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांची नावे तेव्हा घराघरांत पोहोचलेली नव्हती. आवलीच्या पायात काटा रुतला आहे आणि रखुमाई तिच्या घरी राबते आहे, एवढ्याशा गोष्टीवर नाट्यगृहे भरली. एकाने पाहून दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास. तिकिटे अशी खपली. येथे गर्दी निर्णयानंतर आली.

परदेशात या साऱ्याचे गणित अधिक उघडपणे मांडले जाते. लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा 'हॅम्लेट' २०१५ मध्ये झाला; त्याची तिकिटे वर्षभर आधी, २०१४ च्या ऑगस्टमध्ये विक्रीस आली आणि पाहता पाहता संपली. न्यूयॉर्कमध्ये २०२५ साली डेंझेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल यांना घेऊन 'ऑथेल्लो' झाले. हे तेच नाटक, जे गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' या नावाने मराठीत आणले. त्याची महाग तिकिटे ९२१ डॉलरपर्यंत गेली, आणि औपचारिक शुभारंभापूर्वीच्या प्रयोगांतच एका आठवड्याचे उत्पन्न सुमारे २८ लाख डॉलर झाले. पुढे अमेरिकेतील मानाच्या टोनी पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली, तेव्हा या नाटकास एकही नामांकन मिळाले नाही. पुरस्कार हा अंतिम निकाल असतो असे आम्ही मानीत नाही. तथापि गल्ला आणि गुण ही दोन खाती निराळी आहेत, एवढे यावरून दिसते. त्याहून मोठा प्रश्न असा, की इतक्या दराने शिक्षक, विद्यार्थी, मजूर हे कोठे बसणार? पूर्वविक्रीत ज्याच्या हाती आधी पैसा, त्याला खुर्ची, बाकीच्यांस बातमी. आमच्याकडील दर तेवढे नाहीत, परंतु चार माणसांच्या कुटुंबास कर्जतहून पुण्यास जाऊन नाटक पाहावयाचे तर तिकिटे आणि प्रवास मिळून महिन्याचा हिशेब विसकटतो. असा खर्च करून गेलेल्या कुटुंबास नुसते दर्शन देऊन परत पाठविणे, हा त्यांच्या कष्टांचा अपमान होय.

भरलेले नाट्यगृह हा निर्णय नसतो, हे आमचे म्हणणे नामवंतांच्या नाटकांपुरतेच मर्यादित नाही. आमच्या वाचकांस जवळच्या एका नाटकाने ते अधिक स्पष्ट होईल. जर्मनीतील ओबरआमरगाऊ या गावाने १६३३ मध्ये महामारीच्या काळी नवस केला आणि १६३४ पासून ते गाव प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करीत आले आहे. आता ते दर दहा वर्षांनी होते. २०२० चा हंगाम कोरोनामुळे पुढे ढकलून २०२२ मध्ये करावा लागला. तेथे एकही व्यावसायिक नट नसतो. गावात जन्मलेल्या किंवा वीस वर्षे राहिलेल्या माणसासच भाग घेता येतो. प्रमुख भूमिकांस दोन-दोन जण असतात. तरीही जगभरातून लाखो लोक येतात आणि जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. नामवंतांशिवाय पूर्वविक्री होते, याचा हा पुरावा.

परंतु येथेच थांबणे सोयीचे असले, तरी खरे होणार नाही. त्या नाटकाच्या संहितेत पिढ्यान्‌पिढ्या यहुदी समाजाविषयी विषारी चित्रण होते. त्रिशतकाच्या हंगामात, १९३४ मध्ये, हिटलर ते पाहून गेला आणि त्याला त्यात आपल्या द्वेषास पूरक असे पुष्कळ सापडले. नाट्यगृह तेव्हाही भरत होते. भाविक तेव्हाही डोळे पुशीत बाहेर पडत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये यहुदी लोकांवर ख्रिस्तवधाचा सामूहिक दोष ठेवणे अमान्य केले, त्यानंतरही संहिता बदलण्यास काळ लागला. ख्रिस्तियान श्ट्यूकल यांनी दिग्दर्शन हाती घेतल्यावर, १९९० पासून, ती मनापासून सुधारली जाऊ लागली. पवित्र विषय, निःस्वार्थी नट आणि भरलेल्या खुर्च्या, हे तिन्ही असूनही नाटक चुकीचे असू शकते. मग केवळ खुर्च्या भरल्या म्हणून नाटक चांगले, हे कसे म्हणावे?

संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कबुलीजबाबां'त तरुणपणीच्या नाट्यवेडाविषयी लिहिले आहे. रंगमंचावरील दुःख पाहून माणूस रडतो आणि त्या रडण्यातच त्याला सुख वाटते. कोणाच्या साहाय्यास धावून जाण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, हे त्यांनी नेमके हेरले. त्यांचा रंगभूमीविषयीचा कठोर निकाल आज आम्ही जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र विठाबाईंच्या आणि आप्पा बेलवलकरांच्या संदर्भात आजही उभा आहे. नावाकडे पाहण्यात रमलेला प्रेक्षक त्या नावामागच्या माणसाकडे पाहत नाही, आणि नाटकातील माणसाकडेही पाहत नाही.

मग आमच्या कुटुंबांनी काय करावे? नामवंतांची नाटके पाहू नयेत, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. जरूर पाहावीत. मात्र तिकीट काढताना नटाच्या नावाबरोबर नाटककाराचे आणि दिग्दर्शकाचे नावही वाचावे. शुभारंभाची घाई न करता शक्य तेथे पाहून आलेल्या एखाद्या जाणत्यास विचारावे. वर्षातून दोन नाटके पाहणे परवडत असेल, तर त्यांतील एक अनोळखी नटांचे असावे. नव्या नटाला त्या एका खुर्चीचे मोल मोठे असते. मुलांना घेऊन गेलो असू, तर परतीच्या गाडीत 'तो किती छान दिसत होता' येथे न थांबता 'त्याने तसे का केले, आणि तू असतास तर काय केले असतेस' इथवर बोलणे न्यावे. प्रयोग वाईट झाला असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. आपण पैसे मोजले म्हणून तो चांगलाच होता, अशी मनाची समजूत घालू नये.

आणि आमच्या धर्मग्रामांतील हौशी रंगमंचाविषयीही थोडे. नाताळच्या नाटुकल्यात वा प्रायश्चित्तकाळातील दुःखसहनाच्या नाटकात येशूची, मरियेची भूमिका कोणाला द्यावयाची, यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात. देखणा चेहरा, मोठे घर, जत्रेत गाजलेला गळा, यांचे वजन तेथेही पडते. नामवंतांचे वेड पुण्यामुंबईसच असते असे नाही. पिलाताच्या दारातील शिपायाचे दोन वाक्यांचे काम ज्या मुलास मिळाले, तो मुलगा ती दोन वाक्ये समजून बोलला, तर त्या नाटकाची उधारी फिटली असे आम्ही म्हणू. त्याचे नाव पत्रिकेत छापावयास मात्र विसरू नये.